गिअरबॉक्सचं तापमान चढतंय? आधी आकड्याची उलटतपासणी करा

एप्रिल लागला की सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आमच्या गॅरेजात एक तक्रार हमखास येते. "मिस्त्री, गिअरबॉक्स तापतोय की ओ, मोबाइलवर दिसतंय." म्हणणारे बहुतेक ऑटोमॅटिक डबल कॅब पिकअपवाले असतात, इसुझूची व्ही-क्रॉस नाहीतर टोयोटाची हायलक्स. कुणी डाळिंबाचे व्यापारी, कुणी रस्त्याचे कंत्राटदार. मॅन्युअल पिकअपवाल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्याकडे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, नाही. त्यांचा क्लच जळतो, तो विषय वेगळा.

सगळ्यांना मी एकच सांगतो. आकडा खरा आहे का, तो नेमका कधी चढतो, आणि त्या वेळी इंजिनचं पाणी किती तापलेलं असतं, एवढं हातात आल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू द्यायचा नाही. "खोलूनच बघू मालक" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि गाडी परत आणा.

आधी आकडा. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कंप्युटरच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर आता सगळ्यांकडे असतं. पण इंजिनच्या पाण्याचं तापमान जसं कुठल्याही गाडीत एकाच कोडवर मिळतं, तसं गिअरबॉक्सच्या तेलाचं मिळत नाही. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, सूत्र वेगळं. ॲपमध्ये दुसऱ्याच गाडीचं सूत्र बसलेलं असेल तर येणारा आकडा कचरा. दुसरी गंमत फॅरनहाइटची. १९४ बघून घाम फुटलेले मालक येतात. ते सेल्सिअसमध्ये ९० होतं, म्हणजे गाडी ठणठणीत आहे. ॲपचं युनिट आधी बघा.

मग सकाळची परीक्षा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि तीन आकडे वाचा: इंजिनचं पाणी, आत येणारी हवा, गिअरबॉक्सचं तेल. तिन्ही साधारण सारखे पाहिजेत, चार-पाच अंशांचा फरक सोडून द्या. पाणी आणि हवा २८ दाखवतायत आणि तेल ६०, तर सेन्सर, वायर किंवा सूत्र यातलं काहीतरी खोटं बोलतंय. उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलंय समजा. थंड गाडीत दीडशेच्या आसपास दिसलं तर वायर शॉर्ट असायची शक्यता जास्त, कारण या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो आणि शॉर्ट झालेली वायर कंप्युटरला भयंकर तापल्यासारखी वाटते. बिघाडाचा कोड वाचता आला तर पी०७१२ म्हणजे शॉर्टकडे बघा, पी०७१३ म्हणजे तुटलेल्या वायरकडे.

चालू गाडीत आकडा ८८ वरून एका सेकंदात १४० आणि परत ८८, असं झालं तरी वायरिंगच बघायचं. कित्येक लिटर तेल सेकंदात पन्नास अंश तापत नाही. गोडाऊनजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस (वायरींचा जुडगा) सापडतं, नाहीतर कनेक्टरमध्ये तेल झिरपलेलं असतं.

खात्रीच करायची तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या. फक्त ती चकचकीत ॲल्युमिनियमवर मारू नका, गरम धातू ती थंड दाखवते. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि तिच्यावर नेम धरा. आतल्या तेलापेक्षा आकडा थोडा कमीच येईल. पण मोबाइल १२५ म्हणतोय आणि टेप ७०, असं असेल तर कुणाचं ऐकायचं ते कळतं.

आकडा खरा निघाला, मग किती म्हणजे जास्त? पॅनमधल्या सेन्सरवर ८० ते ९५ ही रोजची चाल. मे महिन्यात, माल भरलेला, एसी चालू, तर १०० ते १०५ ला मी काही म्हणत नाही. ११० च्या वर टिकून राहिला तर कारण शोधायचं. १२० ला गाडी बाजूला घ्यायची. त्यापुढे तेल करपतं, सील कडक होतात. काही गाड्यांत कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचाही वेगळा आकडा मिळतो. तो चढावर झपकन वर जातो आणि तसाच खाली येतो, त्याला पॅनची फूटपट्टी लावू नका.

आता रस्ता. स्क्रीन बघायला शेजारी कुणीतरी बसवा, चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. पहिली फेरी पुणे रोडला, मोहोळच्या दिशेने. सपाट चारपदरी आहे, ८० चा वेग धरून वीसेक मिनिटं चालवा. याच फेरीत लॉक-अप, म्हणजे स्थिर वेगात कन्व्हर्टरला इंजिनशी घट्ट जोडणारा क्लच, तपासा. वेग स्थिर असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. मागे कुणी नाही हे बघून. कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच बसलेला असेल तर तो सुटतो, इंजिनचे आरपीएम दोन-तीनशेने वर जातात आणि पाय काढला की परत खाली बसतात. काहीच हललं नाही तर लॉक-अप मुळात लागलेलाच नव्हता असं धरा. मग कन्व्हर्टर सतत तेल घुसळत राहतो आणि सपाट रस्त्यावरसुद्धा उष्णता करतो. पी०७४१ कोड असेल तर शंकाच नको.

दुसरी फेरी तुळजापूरच्या घाटात, नेहमीचा माल भरून. तिसरी संध्याकाळच्या गर्दीत, सात रस्ता चौकात, एसी चालू ठेवून.

गर्दीत आकडा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवा कमी पडतेय, फॅन बघा. सपाट हायवेवर स्थिर वेगात चढत जातो, तर लॉक-अप, तेलाची पातळी किंवा तेलाचा कूलर बघा. फक्त घाटात चढतो आणि उतारावर काही मिनिटांत खाली येतो, तर गाडीला काही झालेलं नाही; घाटात मॅन्युअल मोडवर खालचा गिअर धरून चालवा.

प्रत्येक फेरीत पाण्याचा आकडाही लिहा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरमधून फिरतं, त्यामुळे पाणी तापलं की तेल तापणारच. दोन्ही जोडीने चढत असतील तर रोग इंजिनच्या कूलिंगमध्ये आहे: फॅन क्लच, थर्मोस्टॅट, जाम रेडिएटर. पाणी ९० वर शांत आणि तेल एकटंच ११५, तेव्हा गिअरबॉक्सकडे वळायचं.

सोलापुरात मी बोनेट उघडायच्या आधी समोरची जाळी बघतो. आमच्या एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने, हवेत सुताची पिंज कायम तरंगत असते. टॉवेलची ने-आण करणारी एक गाडी आली होती. समोरून एसीचा कंडेन्सर स्वच्छ, मालक म्हणाला कालच धुतलीय. वरची पट्टी काढून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत बॅटरी मारली, तर आत रेडिएटरवर करडा थर, चादर पांघरल्यासारखा. बोटाने कोपरा धरून ओढला तर पापुद्रा अखंड निघून आला, त्यात धूळ, चिलटं, ज्वारीचं पाचट सगळं. पुढून प्रेशर मारल्याने ते आणखी आत गच्च बसलं होतं. धुवायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाइपने, हलक्या धारेने. जोराच्या धारेने फिन वाकतात आणि वाट कायमची बंद होते. गाडी थंड असतानाच हे करा.

जाळीसमोर लावलेले भलेमोठे दिवे, नावाची पाटी, जाड बंपर हेही हवा अडवतात. मोठे टायर टाकले असतील तर गिअरबॉक्सला प्रत्येक चढावर जास्त जोर पडतो, हे टायरवाला सांगत नाही.

तेलाचं थोडक्यात. या गाड्यांना बहुधा डिपस्टिक नसते. गाडी समपातळीत, इंजिन चालू आणि तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला असताना प्लगमधून पातळी बघतात. त्याहून गरम तेलावर बघितली तर पातळी चुकणारच. कमी तेल तापतं, जास्त भरलेलंही फेस होऊन तापतं. काळं आणि करपट वास म्हणजे बदला. गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट मिसळलंय, गाडी टो करूनच न्या. आणि "लाल तेल सगळं सारखंच" हे दुकानदाराचं ऐकू नका. टोयोटाला डब्ल्यूएस नावाचं तेल लागतं तर तेच घाला, बाकीच्यांनी मॅन्युअल बघा.

वाटेतच १२० दिसलं तर सावलीला थांबा, पण लगेच बंद करू नका. पार्किंगला टाका, एसी बंद, आरपीएम हजार-बाराशेवर दोन-चार मिनिटं धरा. पंप चालू असला तरच तेल कूलरपर्यंत जातं. इंजिनचं पाणीही उकळत असेल तर मात्र बंदच करा. डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहणं, चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलणं, दोन्हींनी कन्व्हर्टर तापतो.

एवढं करूनही तेल एकटंच तापत राहिलं, तर गिअरबॉक्सच्या माणसाकडे जा आणि सगळे आकडे लिहिलेला कागद त्याला द्या: कुठला रस्ता, किती माल, बाहेर किती ऊन, पाणी किती, तेल किती. काम झाल्यावर तीच फेरी, तेवढाच माल, तीच दुपारची वेळ धरून पुन्हा मोजा. मेमध्ये बिघडलेली गाडी दुरुस्त करून जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत मोजली तर आकडा तसाही खाली येतो, त्यावरून बिल देऊ नका.