सिनेमाला नावं ठेवण्याआधी: कोकणातल्या पावसात घरी भयपट बघताना

‘काळोखात काही दिसलंच नाही.’ ‘बोलणं ऐकू येईना आणि किंकाळी आली की कान फुटले.’ ‘मारामारी अगदी सीरियलसारखी वाटली.’ घरी भयपट किंवा मारधाडपट बघून झाला की ही तीन मतं ठरलेली. तिन्हींचा दोष दिग्दर्शकाचा असतोच असं नाही. टीव्हीचं सेटिंग, कौलांवरचा पाऊस आणि वीज यांचाही त्यात मोठा वाटा असतो, म्हणून मत द्यायच्या आधी हे तिन्ही तपासून घ्यावं.

सुरुवात चित्रापासून. नवा टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘स्टँडर्ड’वर असतो. पिक्चर मोडमध्ये जाऊन ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडा. सुरुवातीला चित्र पिवळट, मळकट वाटेल आणि घरातलं कोणीतरी लगेच रिमोट मागेल. देऊ नका, थोड्या वेळात डोळे सरावतात. मग वीजबचतीचं सेटिंग आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर बंद करा. हा सेन्सर अंधाऱ्या खोलीत पडदा आणखी मंद करतो, आणि विहिरीत उतरणारा माणूस विहिरीसकट गायब होतो.

‘सीरियलसारखं’ दिसण्याचं कारण वेगळं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित झालेला असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो, त्यामुळे हालचाल नको तेवढी गुळगुळीत होते आणि ठोशातला दणका जातो. एलजीत हे ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाखाली सापडेल. ते बंद करा. शार्पनेसही खाली आणा, मात्र प्रत्येक कंपनीत 0 म्हणजे ‘काही न करणारा’ आकडा नसतो. सोनीत तो 50 असतो.

काळा रंग नीट लावायला वेगळी डिस्क लागत नाही. 2.39:1 आकाराचा सिनेमा 16:9 च्या पडद्यावर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, दोन्ही मिळून पडद्याच्या उंचीचा साधारण चौथा भाग. अंधारा प्रसंग थांबवा. ‘ब्राइटनेस’ (काही टीव्हीत ‘ब्लॅक लेव्हल’) पट्ट्या करड्या होईपर्यंत वाढवा, मग एकेक घर खाली आणा आणि पट्ट्या जेमतेम काळ्या झाल्या की थांबा. आणखी खाली नेलं की सावलीतले चेहरे बुडतात. ‘बॅकलाइट’ हे वेगळं सेटिंग आहे, ते रात्री डोळ्यांना सोसेल तेवढं ठेवा. सगळं करूनही काळोख धुरकट दिसत असेल आणि मध्ये सेटटॉप बॉक्स किंवा लॅपटॉप असेल, तर एचडीएमआयची रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आवाका) दोन्हीकडे सारखी आहे का बघा. एकीकडे ‘फुल’ आणि दुसरीकडे ‘लिमिटेड’ झालं की काळा रंग एक तर राखाडी होतो, नाहीतर पार चिखल.

पट्ट्या पुसायला ‘झूम’ दाबण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याने चौकटीच्या दोन्ही कडा कापल्या जातात, आणि भयपटात भूत नेमकं कडेलाच उभं असतं.

साध्या एलसीडी टीव्हीत गच्च काळोख दिसणारच नाही. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे टीव्हीच्या मागे, थेट डोळ्यांत येणार नाही असा पांढरा झिरोचा बल्ब. लाल-हिरवा नको. बाकी माजघरातला दिवा, देवघरातली रंगीत माळ, पडद्यावर चमकणारी काचेच्या कपाटाची दारं यांचा बंदोबस्त करा. सेटिंग तपासायला राही अनिल बर्वे यांचा 2018 चा ‘तुंबाड’ उत्तम आहे (या नावाचं गाव आपल्या खेड तालुक्यातच आहे). करडा पाऊस आणि दिव्याच्या उजेडातला लाल-पिवळा अंधार, दोन्ही त्यात भरपूर. दिव्यामागची भिंत अंधुक दिसली पाहिजे. ती सपाट काळी झाली असेल तर ब्राइटनेस दोन घरं वर घ्या.

भिंतीऐवजी काळ्या भागात चौकोनी ठोकळे हलताना दिसले तर दोष नेटचा. 1080p (फुल एचडी) साठी सेकंदाला साधारण 5 मेगाबिट आणि 4के साठी 15 इतका वेग टिकून राहावा लागतो. पावसात तो पडला की अ‍ॅप न सांगता दर्जा उतरवतं, आणि सगळ्यात आधी धुकं, धूर, पाऊस आणि काळोख फाटतात, म्हणजे भयपटाचं सगळं भांडवलच. दुपारी उघडीप असताना डाऊनलोड करून ठेवणं बरं, पण एक अडचण आधीच तपासा. फोनमधला डाऊनलोड टीव्हीवर कास्ट होईलच असं नाही, स्क्रीन मिररिंग केलं तर कित्येकदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, आणि केबलने जोडायचं तर फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर यायला हवं. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ती सोय नसते.

आवाजाचं प्रकरण कोकणात जास्त अवघड आहे. कौलांवर, त्याहून जास्त पत्र्यावर, पडणारा पाऊस खालच्या-वरच्या सगळ्या सुरांतला आवाज एकदम करतो आणि कुजबुज, दाराची करकर, श्वास हे सगळं गिळतो. आवाज वाढवला की कुजबुज कळते, पण पुढची किंकाळी शेजारच्या वाडीत जाते. म्हणून सिनेमा पाऊस बघून निवडावा. आषाढात धो धो चालू असेल तेव्हा मारधाडपट लावा. त्यातले स्फोट आणि गाड्या पावसाला पुरून उरतात. शांततेवर चालणारा भयपट श्रावणातल्या उघडिपीच्या रात्रीसाठी ठेवा, नाहीतर वायरचे हेडफोन घ्या. माळा असलेल्या खोलीत पत्र्याखालच्या पडवीपेक्षा पुष्कळ कमी आवाज येतो, तेव्हा टीव्ही हलवता येत असेल तर आधी तो हलवा आणि मग साउंडबारचा खर्च काढा.

बोलणं ऐकू न येण्याचं आणखी एक कारण म्हणजे 5.1 चा (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, अशा सहांसाठीचा) ट्रॅक टीव्हीच्या दोन स्पीकरवर वाजवणं. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, ते दोन स्पीकरमध्ये मिसळताना पार्श्वसंगीताखाली दबतात. अ‍ॅपमध्ये ‘स्टिरिओ’ ट्रॅक असेल तर तो घ्या, नसेल तर टीव्हीत आवाजाचं आउटपुट ‘पीसीएम’ (साधा दोन स्पीकरचा आवाज) करा आणि ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग’ चालू करा. नाइट मोड हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणतो. दचकवणाऱ्या जागांची धार जाते, तेवढं सोसावं लागतं. ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज ओठांच्या मागे राहतो. गोळी आधी दिसून नंतर वाजली तर मारधाडपट संपलाच. वायर किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच स्पीकरला नेणारी सोय) वापरा. गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती आवाज परतवतात, म्हणून बसण्यामागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा आणि खाली सतरंजी घाला. आणि भयपटाला फणसाचे तळलेले गरे देऊ नका, केळी द्या.

विजेचा हिशोब सोपा आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. ती पूर्ण न उतरवता आणि इन्व्हर्टरमधली घट धरून हातात 850 च्या आसपास राहतात. 43 इंची टीव्ही 90, पंखा 70, साउंडबार 30, राउटर 10, म्हणजे 200 वॉट. चार तास मिळतात. तीन-चार वर्षं जुन्या बॅटरीकडून निम्मेच धरा. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि साधा असा खटका असतो. साध्यावर असेल तर लाईट जाताच टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देणारा) आहे का बघा. विजा कडाडायला लागल्या तर सिनेमा कुठेही आला असो, टीव्हीचा प्लग, डिशची केबल आणि नेटची वायर तिन्ही काढा. स्पाइक गार्ड जवळ पडलेल्या विजेला पुरत नाही.

खाऱ्या दमट हवेत बंद टीव्ही लवकर बिघडतो. पावसाळ्यात तो रोज अर्धा तास चालवा. एचडीएमआयचं टोक हिरवट दिसलं तर टीव्ही बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच लावा.

आता मत. सिनेमावाल्यांच्या गटावर लिहिताना सिनेमा कशावर, कोणत्या भाषेच्या ट्रॅकवर आणि सलग की तुकड्यांत बघितला हे एका ओळीत सांगा. थिएटरात चोरून काढलेल्या प्रिंटवरून चित्र-आवाजाबद्दल बोलू नये. भयपटाबद्दल सांगायचं तर भीती शांततेतून येते की नुसत्या मोठ्या दणक्यातून, हे लिहा. दणका बंद करून तो प्रसंग पुन्हा बघितला की लगेच कळतं. मारधाडीत कोण कुठे उभा आहे हे कळत राहतं का, की दर सेकंदाला कट मारून नटाचा हात लपवलाय, ते बघा. घर गणपतीला भरलेलं असेल तर वयाचा शिक्काही लिहा. यूए 13+ आणि यूए 16+ यांत बराच फरक असतो, आणि चाकरमान्यांची पोरं रात्री एकटी परसात जायला तयार होत नाहीत.

कल्ट सिनेमाला, म्हणजे चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेल्या सिनेमाला, ही फूटपट्टी लावू नका. 1993 चा ‘झपाटलेला’ बघणारा तात्या विंचूसाठी बसतो. त्या बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांचा हात आहे, आणि बाहुला हलताना तो बाहुलाच आहे हे दिसत असूनही तो चालतो. ‘का चालतो’ हेच लिहायचं. असे जुने सिनेमे कपाटातल्या व्हीसीडीवर असतील तर चित्र जेमतेम 352 × 288 ठिपक्यांचं आहे हे लक्षात ठेवा. आकार 4:3 वर ठेवा, लांबून बसा. डिस्कवर बुरशी आली असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. दोन डिस्कचा संच असतो, तेव्हा दुसरी डिस्क आधी वाजवून बघा.