अजाइल टीममधला बीए: या चुका टाळा

स्क्रम ही अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याची, एक पद्धत. तिची अधिकृत मार्गदर्शिका असलेल्या स्क्रम गाइडच्या 2020च्या आवृत्तीत तीनच जबाबदाऱ्या सापडतात: प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (टीम ही पद्धत नीट वापरते ना, ते पाहणारा) आणि डेव्हलपर्स. बिझनेस अॅनालिस्टचं (बीए, म्हणजे बिझनेसची गरज समजून घेऊन टीमपुढे मांडणारा) नावही नाही. मग काही टीम बीएला वगळून मोकळ्या होतात, तर काही त्याला जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिकिटं भरायला बसवतात. यातलं दुसरं जास्त घातक, कारण विश्लेषण होतंय असा सगळ्यांचा समज होतो.

सगळ्यात महागात पडतं ते बीएचं पोस्टमन होणं. डेव्हलपरची शंका तो बिझनेसकडे नेतो, उत्तर आणतो, त्यातून नवी शंका निघते आणि स्प्रिंट (कामाचा ठरलेला छोटा टप्पा) सरतो. विचारणारा आणि सांगणारा थेट एकाच कॉलवर आणा. बीएने तिथे कुणाच्या लक्षात न आलेलं विचारावं.

उदाहरणार्थ, ‘ग्राहकाला ऑर्डरमधली वस्तू रद्द करता यावी’ ही स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली गरज. काम पूर्ण मानायचा निकष एवढाच: बटण दाबलं की वस्तू रद्द, पैसे परत. डेमो झकास होतो. आता समजा, 1000च्या वरच्या खरेदीवर 200 सूट आहे. ग्राहकाने 1200ची ऑर्डर देऊन 1000 भरले आणि त्यातली 400ची वस्तू रद्द केली. परत किती द्यायचे? पूर्ण 400? सूट प्रमाणात वाटून 333? की उरलेली खरेदी 800च, म्हणून सूट काढून घेऊन फक्त 200? हा प्रश्न टेस्टरला शेवटच्या दिवशी पडला, तर स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये गेलीच म्हणून समजा. रिफाइनमेंटमध्येच, म्हणजे पुढची कामं आधी स्पष्ट करून घ्यायच्या चर्चेत, बीए, डेव्हलपर आणि टेस्टर यांनी मिळून अशी आकड्यांसकट उदाहरणं मांडावीत. ‘गिव्हन-व्हेन-देन’चा (अशी परिस्थिती असताना, असं केलं, की असं व्हावं) साचा त्यानंतर. नुसता साचा भरून काही उलगडत नाही.

आणि 400 की 200, हे बीएने परस्पर ठरवू नये. घाईत हे सर्रास होतं. पर्याय आणि त्यांचे परिणाम त्याने मांडावेत, निर्णय प्रॉडक्ट ओनरचा.

स्टोरी मोठी वाटली की डेटाबेसची वेगळी, स्क्रीनची वेगळी असे तुकडे पाडतात. त्यातला एकही एकटा वापरता येत नाही. त्यापेक्षा आधी माल निघण्यापूर्वी पूर्ण ऑर्डर रद्द करणं घ्या, एखादीच वस्तू रद्द करणं नंतर. त्या दुसऱ्या स्टोरीचे बारकावे मात्र तिची पाळी जवळ आल्यावरच लिहा. तोवर सवलतीचा नियमच बदललेला असू शकतो.