हेल्परच्या रोजीत प्लंबरची पेटी कशी जमवाल?

पहिलं पेमेंट हातात पडलं की पोट्टे आधी पेटी घेतात. मीही घेतली होती, नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून, लाल डब्यातली, 40 तुकड्यांची. त्यात निम्मे गोटी पाने होते, म्हणजे नट-बोल्टवर टोपीसारखे बसणारे. नळाच्या कामात गोटी पान्याला कोण विचारतो! पक्कड महिनाभरात वाकली. डबा तेवढा टिकला, त्यात आता मी वायसर ठेवतो.

म्हणून सेट घेऊ नका. एकेक हत्यार घ्या, आणि कोणतं घ्यायचं ते कामालाच ठरवू द्या. पंधरा दिवस खिशात छोटी वही ठेवा. उस्तादाकडून काय काय मागून घ्यावं लागलं ते रोज लिहा. जे आठवड्यात तीनदा मागावं लागलं, ते तुमच्या यादीत. प्रत्येकाची यादी वेगळी निघते. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत अजून लोखंडी जीआय पाइप भेटतो, तिथे पाने आणि हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, लागतात. बेसा, मनीषनगरकडच्या फ्लॅट स्कीममध्ये सगळं सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप. तिथे कटर, टेप आणि छन्नी-हातोडीवर दिवस निघतो.

पैशाचं म्हणाल तर पेमेंटच्या दिवशीच 100 रुपये वेगळे काढा, घरी पोचायच्या आधी. आठवड्याला 100 म्हणजे वर्षाला 5,200. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) सोडा असं मी कोणाला सांगत नाही, मलाच जमलं नाही. पण रोजचा एक कमी केला तरी या रकमेला चांगला हातभार लागतो.

सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींनी करा. मेजरिंग टेप, पेन्सिल, टेस्टर, पक्कड, आणि पाण्याची लेव्हल काढायला दहा मीटर पारदर्शक नळी. ही नळी फार स्वस्त असते आणि महागड्या लेव्हलइतकंच खरं बोलते. फक्त आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दोन्ही टोकांची पातळी चुकते. मग हॅक्सॉ फ्रेम. ब्लेड बारीक दातांचं घ्या, इंचाला 24 दातांचं. जाड दातांचं ब्लेड पातळ पाइपमध्ये अडकतं आणि तुटतं. दात पुढच्या दिशेला ठेवून बसवायचं, हे पहिल्या दिवशी बहुतेकांचं चुकतं.

आता पाना. इथे मात्र कंजुषी नको. पहिला पाइप पाना 14 इंची घ्या. घरातल्या अर्ध्या इंचापासून दीड इंचापर्यंतच्या पाइपाला तो पुरतो. नवा परवडत नसेल तर जुना चालेल, पण बघून घ्या. जबड्याचे दात बोटाने चाचपा. गुळगुळीत झाले असतील तर पाना पाइपवरून सटकेल आणि तुमची बोटं भिंतीवर आपटतील. जबडा कमी-जास्त करायचा नट एका बोटाने फिरला पाहिजे. दांडा वाकलेला किंवा वेल्डिंग मारलेला दिसला तर फुकट दिला तरी नको. कोणीतरी त्यावर पाइप चढवून, लांब करून जोर लावलेला असतो. जीआयच्या कामाला खरं तर दोन पाने लागतात, एकाने सांधा धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं. नाहीतर भिंतीच्या आतला एल्बो (वळणाचा जोड) ढिला होतो आणि ओल महिन्याभराने दिसते. दुसरा पाना वर्षभर उस्तादाचा वापरा.

क्रोमच्या नळाला पाइप पाना कधीच लावू नका, दातांचे ओरखडे जात नाहीत आणि पैसे तुमच्या रोजीतून कापले जातात. तिथे स्क्रू पाना, म्हणजे कमी-जास्त होणारा सपाट जबड्याचा, तोही नळावर कापड गुंडाळून.

खरेदीला इतवारीत लोहाओळीकडे जा, दोन-तीन दुकानं फिरा, उस्ताद सोबत आला तर उत्तमच. छन्नी जुनी घेतली तर तिचं डोकं बघा. हातोडीच्या माराने ते छत्रीसारखं पसरलेलं असेल तर ग्राइंडरवर घासून घ्या, नाहीतर त्याच्या कपच्या उडतात. दगडी भिंत फोडताना चष्मा लावाच. तो हत्याराच्याही आधी घ्यायला हवा, मी मात्र उशिरा घेतला.

सीपीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन स्वतःच्या पैशाने घ्यायची वेळ आली तर लहानात लहान डबी घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. गच्चीवर टाकीजवळ डबी उघडी ठेवली की सोल्यूशन बघता बघता घट्ट होतं. जेलीसारखं झालेलं फेकून द्या, त्याने जोडलेला सांधा गळतो.

ड्रिल मशीन, थ्रेड पाडायची डाय, ब्रेकर हे विकत घ्यायच्या मागे लागू नका. भाड्याने आणा आणि भाडं कामाच्या हिशेबात धरा.

सरकारी मदतीबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो, की हत्यारांचे पैसे प्लंबरलाही मिळतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, पण तिच्या 18 व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत, प्लंबर नाही. फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम झालं असेल तर बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीची चौकशी मात्र जरूर करा.

हत्यारं चोरीपेक्षा उसनवारीत जास्त जातात. प्रत्येक दांड्यावर एकाच रंगाचा ऑइल पेंटचा पट्टा मारा, आणि डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवा. संध्याकाळी यादी बघून मोजा, पुसा, पावसाळ्यात तेलाचा बोळा फिरवा. गॅरेजवाल्याकडचं जळकं ऑइल त्याला चालतं, आणि ते बहुतेक फुकटच मिळतं.