जैविक मानवशास्त्र शिकताना या चुका टाळा

नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये यूपीएससीसाठी मानवशास्त्र घेतलेल्या मुलांना जैविक मानवशास्त्राबद्दल विचारलं, की बहुतेकदा कवट्या, माकडं आणि वंश हे तीन शब्द आधी येतात. पहिल्या दोघांना या विषयात जागा आहे. तिसऱ्याने मात्र फार नुकसान केलं आहे. माणसाचं शरीर आज आहे तसं का घडलं, त्यात हवा-पाणी, अन्न, रोग आणि लग्नसंबंध यांचा वाटा किती, हा या शाखेचा खरा प्रश्न. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर तो रोज समोर असतो. इथल्या विद्यार्थ्याने तो नुसता पाठ करून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही.

व्याख्येपाशीच थांबणं

‘मानवाचा अभ्यास म्हणजे मानवशास्त्र’ एवढ्यावर उत्तर संपवू नका. माणसाचा अभ्यास इतिहासही करतो आणि वैद्यकशास्त्रही. मानवशास्त्र शरीर आणि संस्कृती एकत्र धरतं, वेगवेगळ्या काळांतले आणि प्रदेशांतले समाज एकमेकांशी ताडून पाहतं. सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक या त्याच्या चार शाखा. कोणता पुरावा कुठे जातो, इथेही गोंधळ होतो. नाशिकजवळ गंगावाडीला गोदाकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना मिळालेली अश्मयुगीन हत्यारं पुरातत्त्वात येतात. नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनकियांना सापडलेला कवटीचा जीवाश्म जैविक शाखेत येतो. पण हत्यारं घडवणारा माणूस कसा होता हे शोधायचं, तर दोन्ही लागतात.

आणि हो, माणूस आजच्या चिंपांझीपासून झालेला नाही. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला.

वंशांच्या यादीने उत्तर भरणं

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावायचा प्रयत्न केला. ती वर्गीकरणं इतिहास म्हणून जरूर लिहा, निष्कर्ष म्हणून नको. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करत होत्या, तेव्हा कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे हे मार्गदर्शकांचं गृहीतक होतं. मापं तसं सांगत नव्हती आणि कर्व्यांनी तेच लिहिलं. त्या काळात, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराने भारलेल्या त्या ठिकाणी हे धैर्याचंच काम होतं. पुढे १९५१ मध्ये अमेरिकी मानवशास्त्रज्ञ शेरवूड वॉशबर्न यांनी नुसती मोजमापं आणि वर्गीकरण सोडून उत्क्रांतीच्या प्रक्रियेकडे वळायला सांगितलं. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं, की माणसांमधल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. वंशाचा प्रश्न आला की उत्तराचा कणा हा ठेवा.

सिकलसेल म्हणजे ‘आदिवासींचा आजार’

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. वरचं वाक्य अर्धवट आहे म्हणूनच घातक आहे. हा आजार देणारं हिमोग्लोबिन एस हे जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राभोवती आणि भारतात सापडतं. विदर्भात ते आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. त्याचा धागा जातीशी नाही, मलेरियाशी आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. मलेरियाच्या मुलखात म्हणूनच हे जनुक टिकून राहिलं.

गणितातही चूक होते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी हिशोब पुन्हा पहिल्यापासून. आणि वाहक म्हणजे रुग्ण नव्हे.

‘त्यांची मुलं मुळातच लहान चणीची’

अंगणवाडीतली मापं बघून असं म्हणणारे शिकलेले लोक भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे निकष भारतासह सहा देशांतल्या मुलांवरून ठरले. पुरेसं पोषण, स्तनपान आणि आरोग्यसेवा मिळालेली ही मुलं पाच वर्षांपर्यंत सर्वत्र जवळपास सारखीच वाढली. पाड्यावरचं मूल खुजं राहतं तेव्हा आधी त्याच्या ताटाकडे, आजारपणांकडे आणि आईच्या प्रकृतीकडे बघायचं.

प्रकल्पासाठी स्वतः मापं घेणार असाल, तर चुकीची जागा ओळखा. नोंदीत मुलाची उंची आधीपेक्षा कमी दिसली, तर मूल आखडलेलं नाही, मोजण्यात गडबड आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून आणि त्यानंतर उंची उभं करून मोजतात. दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. पद्धत बदलल्याची नोंद नसेल तर आलेख खाली येतो आणि मूल उगाच कमी वाढलेलं ठरतं. दंडघेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर घ्या. पट्टी त्वचेला टेकलेली हवी, आवळलेली नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी दंडघेर म्हणजे तीव्र कुपोषण, त्यामुळे घाईत झालेल्या एक-दोन मिलिमीटरच्या चुकीनेही मूल उपचाराच्या यादीतून सुटू शकतं.

मापं घेऊन निघून येणं

पाड्यावर जाण्याआधी ग्रामपंचायतीशी आणि आशाताईंशी बोला, आणि मुलाला हात लावण्याआधी पालकांची संमती घ्या. आकडा काय आला आणि त्याचा अर्थ काय, हे त्या घराला त्यांना कळेल अशा बोलीत तिथल्या तिथे सांगा. सिकलसेल तपासणीच्या निकालाबाबत दुप्पट जपा. मुलगी वाहक आहे ही गोष्ट गावभर झाली, तर तिची सोयरीक मोडू शकते, तिला स्वतःला काहीही आजार नसताना. नावं आणि निकाल वेगवेगळ्या वह्यांत ठेवा, वर्गात सादर करताना गावाचंही नाव गाळा, आणि दोन्ही कुटुंबं लग्नाआधी तपासणी करू इच्छित असतील तर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या समुपदेशनाकडे पाठवा.