परफेक्ट माणूस व्हायचंय? आधी आपण दार उघडल्यावर घरात काय होतं ते ऐका

परफेक्ट माणूस म्हणजे कोण असं विचारलं की लगेच यादी सुरू होते, खरं बोलणारा, निर्व्यसनी, पहाटे उठणारा, कधीच न चिडणारा, आणि शेवटी ऐकणारा म्हणतो जाऊदे, हे आपल्याला झेपणारं नाही. यादी चुकीची नाहीये, पण ती ज्याची त्याने स्वतःच्या डोक्याने केलेली असते आणि खरा घोळ तिथेच आहे. आपले जे दोष आपल्याला दिसतात ते घरच्यांना बहुतेक वेळा फारसे टोचत नाहीत, आणि टोचतात ते आपल्याला दिसत नाहीत. म्हणून माझी व्याख्या अशी, की ज्याचा मूड आजूबाजूच्या कुणालाही सांभाळावा लागत नाही तो परफेक्ट माणूस. आजारी माणसाला किंवा म्हाताऱ्या आईला सांभाळणं वेगळं, ते माणूस मायेने करतो. मी मूड सांभाळण्याबद्दल बोलतोय.

हे मला कसं कळलं ते सांगतो. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला ९ नंबर प्लॅटफॉर्मवर उतरायचं, पुलावरची गर्दी, मग पश्चिमेला रिक्षाची लाईन, घरी पोचेपर्यंत साडेआठ. एकदा चावी लावली आणि आतून टीव्हीचा आवाज ऐकू येत होता, मुलगी खळखळून हसत होती, चावी फिरली आणि आवाज एकदम कमी झाला. आत गेलो तर रिमोट अजून तिच्या हातात, चेहरा सरळ, आणि बायकोने तिला डोळ्यांनी खूण केली, म्हणजे आत्ता काही मागू नकोस. मी तोंडातून एक शब्दही काढला नव्हता. हात उगारणं, शिव्या असलं आमच्याकडे कधीच नव्हतं, मी स्वतःला शांत माणूस समजत होतो, पण त्या दोघी रोज साडेआठला माझ्यासाठी घर बदलत होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर सुरुवात विचारण्यापासून करा. पण "माझं काय चुकतं?" असं विचारू नका, उत्तर "काही नाही" असंच येतं. "माझ्यासमोर कुठला विषय काढायला तुला नको वाटतं?" असं विचारा. आणि समोरासमोर बसून नको, ती चौकशी वाटते. आम्ही तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाभोवती, चालत होतो, बाजूबाजूने चाललं की डोळ्यात बघावं लागत नाही आणि माणूस मोकळा होतो. बायको अर्धी फेरी गप्प होती, मग म्हणाली, "पैशाचा विषय. तुम्ही लगेच सुस्कारा सोडता." सुस्कारा! मला माहीतच नव्हतं मी सोडतो ते. इथे एकच नियम पाळा, खुलासा द्यायचा नाही. "अगं पण त्यावेळी" असं सुरू केलंत की पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही. ऑफिसात ज्युनिअरला विचारा, बॉसला नको, कारण बॉसला तुमचा मूड सांभाळावा लागत नाही.

अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन, त्याने तरुणपणी नैतिकदृष्ट्या परिपूर्ण व्हायचं ठरवून गुणांची यादी केली होती. आधी त्यात १२ गुण होते. मग एका क्वेकर (साधेपणा मानणारा एक ख्रिश्चन पंथ) मित्राने त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, बोलताना तू समोरच्याला दाबतोस, तेव्हा नम्रता हा १३वा गुण आला. एवढा हुशार माणूस, पण तो गुण त्याच्या यादीत दुसऱ्याने सांगेपर्यंत नव्हता. पुढे त्याने "नक्कीच", "निःसंशय" असले शब्द बोलताना टाळायचं ठरवलं आणि "मला असं वाटतं" म्हणायला लागला. नम्र होणार असं नुसतं ठरवण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं आहे.

दुसरी पायरी हीच, की दोष कळला की तो अंगाला आणि जिभेला कळेल एवढा बारीक करा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५४व्या श्लोकात अर्जुन स्थितप्रज्ञाबद्दल विचारतो ना, तर स्थितप्रज्ञ म्हणजे कोण हे तर विचारतोच पण तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा हेही विचारतो. मला हा प्रश्न फार आवडतो. "राग सोडणार" हे ठरवून काही होत नाही. "दार उघडल्यावर पहिलं वाक्य तक्रारीचं नसेल" हे होतं. मी रिक्षातून उतरलो की खालीच पाच मिनिटं कट्ट्यावर बसायला लागलो, फोन न बघता, आणि मगच वर.

मग वही. फ्रँकलिनचीच पद्धत, आठवड्याचे सात रकाने, चुकलं त्या दिवशी काळा ठिपका, आठवडाभर लक्ष एकाच गुणावर, म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. १३ कशाला, तीन घ्या, पण ठिपका खरा मारा. व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही असं त्याने स्वतःच लिहिलंय, त्यामुळे ठिपके दिसले म्हणून वही फेकू नका.

ज्या दिवशी चुकेल त्याच दिवशी मिटवा. पार्सलवरून मी आमच्या वॉचमन काकांवर ओरडलो होतो आणि पार्सल शेजाऱ्यांकडे निघालं. लिफ्टमधून परत खाली गेलो आणि म्हटलं, "काका, मी ओरडलो ते चुकलं." त्याला "पण" जोडायचं नाही, दमलो होतो, ऑफिसचं टेन्शन होतं, काही नाही. ते उठून उभे राहायला लागले, मी त्यांना बसवलं. हे उठणंसुद्धा सांभाळणंच आहे, लक्षात घ्या.

एका गोष्टीत लोक हमखास फसतात. सगळ्यांना हो म्हणायचं आणि आत धुमसत राहायचं, याला चांगुलपणा समजतात. अशा माणसाला तर सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं, कारण तो कधी फुटेल ते कुणाला कळत नाही. मेहुण्याला गाडी द्यायची नसेल तर "या रविवारी नाही जमणार" असं सरळ सांगा आणि विषय संपवा, आठवडाभर तोंड पाडून गाडी देऊ नका.

माझ्या वहीत सध्या सुस्काऱ्याचा आठवडा चालू आहे, तिसऱ्यांदा. काल मुलीने क्लासच्या फीचा मेसेज दाखवला, साडेआठलाच, मी अजून बूट काढत होतो तेव्हा.