एकाच घरात लिनक्स आणि विंडोज: पेनड्राइव्हच्या फेऱ्या कशा थांबवाव्यात

फोंड्याच्या आमच्या घरी सोप्यालगतच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे. विंडोज त्याला झेपेना, म्हणून त्याच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घातली. माजघराच्या पलीकडे भाच्याचा विंडोज 11चा लॅपटॉप. भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं माझ्याकडे, ती कापून-जोडून नीट करणार तो. वर्षभर पेनड्राइव्ह घेऊन येरझाऱ्या घातल्या आणि एका रविवारी दोन्ही यंत्रांची गाठ घालून दिली. काम अर्ध्या तासाचं होतं. वर आणखी तीन तास गेले ते 'मामा, तुझा कॉम्प्युटर दिसतच नाही' या एका वाक्यापायी. तुमचे तरी वाचावेत.

आधी जोडणी. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर हवीत. पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वाय-फाय चालू असेल, तर त्यावर यातलं कोणीही नको. त्यावरच्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वाय-फाय दमतं, त्यामुळे जागचा न हलणाऱ्या डेस्कटॉपला सरळ केबल ओढा. कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिटचा वेग देते, घरासाठी पुष्कळ झाली. मात्र गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग आणि ही केबल, दोन्ही काढून ठेवायची.

आता पत्ता. गावात घर नावावर सापडतं, नंबर कोणी विचारत नाही. इथे उलट करायचं. राउटर प्रत्येक यंत्राला बहुधा 192.168ने सुरू होणारा आयपी पत्ता देतो, आणि तो अधूनमधून बदलू शकतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) याखाली 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि दोन्ही यंत्रांचे पत्ते कायम करून टाका. समजा डेस्कटॉपला 192.168.1.50 आणि लॅपटॉपला 192.168.1.60. दोन्ही आकडे कागदावर लिहून राउटरवर चिकटवा.

विंडोज फायली वाटून घेण्यासाठी एसएमबी नावाची भाषा बोलतं. लिनक्सला ती शिकवतो सांबा हा मोफत प्रोग्रॅम. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात त्याचं काम सुरू केलं. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्यांनी शब्दयादीत शोधले, त्यात सांबा सापडला. सांबा नावाच्या नाचाशी त्याचा एवढाच संबंध.

मिंटमध्ये हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'शेअरिंग ऑप्शन्स' उघडा. सांबा नसेल तर ते बसवायचं का, असं तिथेच विचारलं जातं. होकार द्या, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा, मग फोल्डर शेअर करा आणि इतरांना फायली बनवायची-पुसायची मुभा देणारी खूणही करा. गेस्टची, म्हणजे पासवर्डशिवाय आत येऊ देणारी, खूण करू नका. विंडोज 11 प्रोच्या हल्लीच्या आवृत्त्या बिनपासवर्डचं शेअर मुळात उघडूच देत नाहीत.

यानंतरची पायरी हमखास राहून जाते. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिनपेक्षा वेगळा ठेवलेला असतो, तो आपण द्यावा लागतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, रोमन लहान अक्षरांत 'सुडो', जागा सोडून 'एसएमबीपासडब्ल्यूडी', पुन्हा जागा सोडून 'वजा ए' (sudo smbpasswd -a) आणि पुन्हा जागा सोडून शेवटी आपलं लिनक्सचं युजरनेम टाइप करा. आधी तुमचा नेहमीचा पासवर्ड विचारला जाईल, मग नवा दोनदा. टाइप करताना काहीच उमटत नाही, घाबरू नका. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) चालू असेल तर त्यात सांबाला परवानगी द्या.

लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आकडा: \\192.168.1.50. एंटर. विचारलं की लिनक्सचं युजरनेम आणि सांबाचा पासवर्ड द्या. उघडलं की 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून कायमचं अक्षर देऊन टाका. एकदा चुकीचा पासवर्ड जतन झाला, तर विंडोज तोच पुढे रेटत बसतं. 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन तो पुसावा लागतो.

आमचे तीन तास खाल्ले ते एक्सप्लोररमधल्या 'नेटवर्क' या चित्राने. तिथे डेस्कटॉप दिसेना, म्हणून आम्ही सगळं उलटंपालटं केलं. जोडणी पहिल्यापासून ठीक होती! विंडोज आता शेजारी शोधायला वेगळी पद्धत वापरतं आणि नुसतं सांबा त्या हाकेला ओ देत नाही. दिसायलाच हवा असेल तर लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी हे पॅकेज बसवा. नाहीतर आकड्याने जा, काही अडत नाही. यावर उपाय म्हणून कोणी विंडोजमध्ये जुनं एसएमबी 1 चालू करायला सांगितलं, तर ऐकू नका. मे 2017मध्ये वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते त्यातल्याच भोकातून.

उलट दिशेने, म्हणजे लिनक्सवरून विंडोजमध्ये जाताना, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वाय-फायचं प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, फाइल शेअरिंग चालू करा आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून शेअर करा. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून रोमनमध्ये एसएमबी, विसर्गासारखे दोन ठिपके, दोन सरळ तिरप्या रेघा (smb://) आणि लॅपटॉपचा पत्ता टाका. इथे पिन चालत नाही. भाचा रोज चार आकडी पिनने लॉगिन करतो, खरा पासवर्ड त्याला आठवेना. शेवटी लॅपटॉपवर फक्त शेअरिंगपुरतं एक साधं लोकल खातं उघडलं, त्याला वेगळा पासवर्ड दिला, आणि फोल्डर त्या खात्यालाच शेअर केला.

सगळं जुळल्यावर काही रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर भलत्याच नावांनी दिसू लागली, मधेच ~ असलेल्या. मी फायलींना '7:30ची आरती' अशी वेळ घालून नावं दिली होती. लिनक्सला विसर्गासारखे ते दोन ठिपके चालतात, विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत. प्रश्नचिन्ह आणि तारकेचंही तेच. ठिपक्यांच्या जागी पूर्णविराम टाकत बसलो, आणि भाचा मागे उभा राहून मोजत होता.