शेवटची पायरी आधी: विशेष मुलांना हात, संडास, दात आणि आंघोळ शिकवताना

मुलाचे हात धुऊन द्यायला आईला अर्धा मिनिट लागतो. तेच त्याने स्वतः धुतले तर पाच मिनिटं जातात, सदरा भिजतो आणि मोरीभर पाणी होतं. सकाळी शाळेची गाडी दारात यायची असते, म्हणून धुऊन देणंच सोपं पडतं. असं करता करता मूल बारा वर्षांचं होतं, तरी त्याचे हात दुसरंच कोणीतरी धुतं. तेव्हा आधी वेळ ठरवा. दात घासणं रात्री शिकवा, आंघोळ संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. सकाळी खुशाल तुम्ही करून द्या. फक्त जी एक पायरी त्याला जमू लागली आहे, ती सकाळीही त्यालाच करू द्या.

एका वेळी एकच काम घ्या, आणि दिवसातून अनेकदा येणारं घ्या. हात धुणं आणि चड्डी वर ओढणं ही दोन्ही सुरुवातीला उत्तम, कारण दिवसाला पाच-सहा वेळा सराव आपोआप होतो. नखं कापणं आठवड्यातून एकदा येतं, ते नंतर.

आता ते काम स्वतः करून पाहा आणि प्रत्येक हालचाल कागदावर लिहा. हात धुणं असं उतरतं:

1. बाह्या वर सारणं
2. नळ सोडणं
3. हात ओले करणं
4. नळ बंद करणं
5. साबण हाताला लावणं
6. तळवे चोळणं
7. हातांची मागची बाजू चोळणं
8. बोटांच्या बेचक्या चोळणं
9. नळ सोडून फेस धुणं
10. नळ बंद करणं
11. पंच्याला हात पुसणं

शिकवायला सुरुवात अकराव्या पायरीपासून करा. पहिल्या दहा पायऱ्या मुलाच्या हातांवर तुमचे हात ठेवून पार पाडा, मग हात काढून घ्या आणि पुसायचं काम त्याचं. सलग तीन दिवस मदतीशिवाय पुसलं की दहावी आणि अकरावी त्याची. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल बाह्या सारून थांबतं, पुढचं सगळं तुम्ही करता आणि शाबासकी भलत्याच वेळी येते. शेवटाकडून शिकवलं तर प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं आणि कौतुक तिथेच, त्याच क्षणी मिळतं.

मदत पाठीमागे उभं राहून करा. समोर उभं राहिलात तर मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, हातांकडे नाही. शिवाय तुमचा उजवा हात त्याला डावीकडे दिसतो. मागे उभं राहून आधी हातावर हात, मग फक्त मनगटाला, मग कोपराला, मग खांद्याला स्पर्श, आणि शेवटी नुसतं बोट दाखवणं, अशी मदत उतरवत न्या. बोलणं कमीत कमी ठेवा. ‘साबण घे, चोळ, अजून चोळ’ असं रोज ऐकलेलं मूल त्या आवाजाची वाट बघायला शिकतं. हाताची मदत कमी करता येते, तोंडाची सूचना मात्र काढून टाकणं फार अवघड जातं. त्याऐवजी तुमच्याच मोरीचे, तुमच्याच साबणाचे फोटो काढून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. पुस्तकातल्या चित्रातला नळ आणि घरातला नळ एकच, हे बऱ्याच मुलांना कळत नाही. आजी, आजोबा आणि शाळेतल्या ताई या सगळ्यांकडे त्याच पायऱ्यांची यादी हवी. आजी मायेने सगळं करून देत असेल, तर तिला शेवटच्या पायरीचं कौतुक करण्याचं काम द्या.

संडास आणि त्यानंतरचं धुणं

घराघरात सगळ्यात जास्त अडतं ते इथे. मूल दीड-दोन तास कोरडं राहू लागल्याशिवाय सुरुवात करू नका. त्याआधी सात दिवस वही ठेवा: दर अर्ध्या तासाने चड्डी कोरडी, ओली की शी झालेली, आणि जेवण-पाणी कधी झालं. बहुतेक मुलांचं वेळापत्रक त्यातूनच दिसतं. जेवल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्ता किंवा जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत बसवा. बसवायचं पाच मिनिटं, फार तर सात. अर्धा तास बसवून ठेवलेलं मूल संडासालाच घाबरू लागतं. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पोटाला जोर लावता येत नाही. पायांखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत. उकिडवं बसता न येणाऱ्या मुलासाठी मधे भोक असलेली, हातांची खुर्ची भारतीय संडासावर ठेवता येते. शिकण्याच्या काळात दिवसा डायपर नको, कारण त्यात ओलं झाल्याचं कळतच नाही. नाडी आणि चेनच्या पँटी कपाटात ठेवा. सैल इलॅस्टिक हवं.

धुण्यातली खरी अडचण अशी, की जे धुवायचं ते दिसत नाही आणि हात तिथे पोचत नाही. हात मागे नेण्याचा सराव कपडे घालूनच करा: पँटच्या मागच्या बाजूला कपड्यांचे दोन चिमटे लावा आणि मुलाला न बघता ते काढू द्या. आठवडाभर हा खेळ झाला की कंबर वळू लागते. लिटरभराचा मग भरल्यावर किलोभर वजनाचा होतो, लहान मनगटाला तो पेलत नाही आणि पाणी भलतीकडे जातं. अर्ध्या लिटरचा, कान असलेला मग घ्या. ‘स्वच्छ होईपर्यंत धू’ ही सूचना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी निरुपयोगी आहे, आकडा द्या. पाच मग पाणी, प्रत्येक मगाबरोबर हात फिरवायचा, मग बोटांना चिकट लागतंय का पाहायचं, लागलं तर आणखी दोन. मुलींना हात मागच्या बाजूने न्यायला आणि पुढून मागे धुवायला शिकवा, म्हणजे लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचा धोका कमी होतो. अर्धांगामुळे एकच हात चालत असेल, तर उजव्या-डाव्याचा आग्रह सोडावा. कमोडच्या बैठकीखाली बसवायचा आणि बाजूच्या कळीने चालणारा फवारा अशा मुलाला संपूर्ण स्वावलंबी करू शकतो.

मूल शी हातात घेतं किंवा भिंतीला लावतं, तेव्हा रागवण्याआधी बद्धकोष्ठ आहे का आणि रात्री गुदद्वाराशी खाज सुटते का, ते बघा. जंत असतील तर खाजेमुळे हात तिथे जातोच. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी घरी राहणाऱ्या दिव्यांग मुलाची हमखास चुकते. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना आठवणीने विचारा.

दात

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा. मूठ नीट वळत नसेल तर दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा फोम गुंडाळून जाड करा. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. चूळ थुंकता येत नसेल, तर वय वाढलं तरी तांदळाएवढीच. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना पुदिन्याची पेस्ट अक्षरशः झोंबते. तोंड घट्ट मिटणं हा प्रत्येक वेळी हट्ट नसतो. चव बदलून बघा, किंवा काही दिवस नुसत्या ओल्या ब्रशने घासा.

ब्रशचीच भीती असेल तर पहिले दोन-तीन दिवस तो फक्त ओठांना लावा, मग समोरच्या दातांवर तीन आकडे मोजेपर्यंत, मग पाच, मग दहा. ठरवलेल्या आकड्यावर थांबायचं, चांगलं चाललं आहे म्हणून पुढे न्यायचं नाही. तो विश्वास एकदा मोडला की आठवडे वाया जातात. मूल स्वतः घासू लागलं तरी दाढांवर शेवटचा हात तुमचा. जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर आतले दात नीट दिसतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये हिरड्यांचे आजार जास्त आढळतात. फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या सुजून वाढू शकतात. औषध स्वतःहून बंद न करता दंतवैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दाखवा. गोड सिरप दिल्यावरही तोंड धुवायला हवं.

आंघोळ

बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम मुलाला पाठ झाला तर भाजण्याचा मोठा धोका टळतो. पाण्याची ऊब कोपराने पाहायला शिकवा. साबणाची वडी हातातून निसटत असेल तर ती जुन्या मोज्यात घालून तोंड बांधा. साबण आणि घासणी एकाच वेळी होते. अंग घासायचा क्रम रोज तोच ठेवा: मान, हात, काखा, छाती-पोट, जांघा, पाय. काख आणि जांघ हमखास सुटते. केस धुताना चेहऱ्यावर पाणी आलं की काही मुलं किंचाळतात. कपाळावर घडी केलेला पंचा धरायला द्या. तोल जात असेल तर बसायला रबरी पायांचं स्टूल हवं. फिट येणाऱ्या मुलाने आतून कडी लावायची नाही, आणि भरलेल्या टबापेक्षा बादली-मगच सुरक्षित.

तोलाची किंवा पकडीची अडचण असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, एकदा तरी दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, 2013 पासून, जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, उभी राहिली आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

पाळीची तयारी

मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की कपडे बदलताना दार लावायची सवय पक्की करा, आणि धुऊन द्यायला मदत कोण करणार ती दोन-तीन माणसं ठरवून तिला नावाने सांगा. पॅडची ओळख पाळी यायच्या आधीच हवी. अंगावर नवी वस्तू आणि रक्त दोन्ही एकदम आलं की ती पॅड ओरबाडून काढते. महिन्यातून दोन दिवस, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग शाळेच्या वेळेइतकं, कोरडं पॅड लावून ठेवा. चड्डीच्या आतल्या बाजूला पॅडच्या आकाराची रेघ रंगीत दोऱ्याने शिवली, तर ते कुठे लावायचं हे शब्दांशिवाय कळतं. वापरलेलं पॅड कसं दिसतं हे दाखवण्यासाठी त्यावर लाल रंगाचं पाणी टाका आणि काढणं, गुंडाळणं, कागदात बांधणं, कचऱ्याच्या डब्यात टाकणं, हात धुणं हे सगळं तिच्या हातून करून घ्या, इथेही शेवटाकडूनच. प्रत्यक्ष पाळीत बदलायची वेळ चार ते सहा तासांची. ‘ओलं झालं की बदल’ यापेक्षा शाळेची मधली सुट्टी, घरी आल्यावर, झोपताना अशा ठरलेल्या वेळा तिला पाळता येतात. शाळेच्या दप्तरात कागदात बांधलेली एक चड्डी आणि दोन पॅड कायम ठेवा, आणि ती कोणत्या कप्प्यात आहेत हे शिकवणाऱ्या ताईंना दाखवून ठेवा.